दोन घरचे धोंडे

अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो, ही त्यातली एकमेव चांगली गोष्ट आहे. तो दरवर्षी आला असता तर मी लग्नच केलं नसतं, किंवा आईबाप, भाऊ, मावशी असलं कोणीही नसलेल्या मुलीशी केलं असतं. हे मी एकदा बायकोला बोलून दाखवलं, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण माझं मत बदललेलं नाही.

आमच्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला घरी बोलवायचं आणि धोंडे खाऊ घालायचे. कणकेच्या गोळ्यात पुरण भरायचं, गोळा वाफवायचा, ताटात फोडून त्यावर तूप ओतायचं, झाला धोंडा. एक खाल्ला की माणूस सुस्तावतो, दोन खाल्ले की बोलेनासा होतो. या महिन्यात जावई म्हणजे नारायण. म्हणून त्याचे पाय धुतात, त्याला ओवाळतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात, आणि तो ‘पुरे’ म्हणाला तरी कोणी ऐकत नाही. देवाला कोण विचारतं, तुझं पोट भरलं का म्हणून?

आम्ही नगरला राहतो. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. बायकोचं माहेर कोपरगावला. तिथे सासरे आहेत, मेव्हणा आहे, त्याची बायको आहे. माझी सासू मात्र बायको नववीत असतानाच गेली. त्यानंतरची तीन वर्षं बायको राजूरला मावशीकडे राहून शिकली. मावशीला मूलबाळ नाही. तिने आणि काकांनी हिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. त्यामुळे आम्हाला धोंडे खाऊ घालण्याचा हक्क दोन घरांकडे, आणि त्या दोन घरांमध्ये शंभरेक किलोमीटर रस्ता, त्यातला शेवटचा घाटवळणाचा.

लग्नानंतरच्या पहिल्या अधिकात थोरली तान्ही होती, जाणं झालं नाही. दुसरा कोरोनात गेला. तिसरा श्रावणात आला, तेव्हा थोरली सहा वर्षांची होती आणि धाकटा अडीच. मावशीने महिनाभर आधीच फोन केला. “आवंदा काय बी सांगायचं न्हाई. जावईबापूंला पयला धोंडा मी वाढणार. तुझी आई असती तर तिचा मान हुता. आता माझाय.”

कोपरगावकरांनाही पहिलाच धोंडा वाढायचा होता. माहेर सोडून आधी मावशीकडे गेलात तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील, असं मेव्हण्याचं म्हणणं. त्यात धाकट्याच्या तापात आणि माझ्या शाळेच्या कामात तीन रविवार गेले आणि महिना संपता संपता एकच रविवार हाताशी उरला. बायकोने तोडगा काढला. कोपरगावला सांगितलं, अकरा वाजता जेवायलाच येतो. मावशीला सांगितलं, कोपरगावला नुसता चहा घेऊ आणि दोन वाजता तुझ्याकडे जेवायला बसू. मला म्हणाली, “दोन्हीकडे थोडं थोडं खायचं. सगळ्यांची मनं राखली जातील.” मी हो म्हणालो. ज्या गोष्टीत मला स्वतः काही ठरवावं लागत नाही, त्या गोष्टीला मी पटकन हो म्हणतो.

सकाळी साडेसहाला निघालो. नगर-मनमाड रस्त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण जे लिहीन ते छापण्यासारखं नसेल. खड्ड्यांत पाणी, पाण्यात खडी, आणि समोरून येणारा कंटेनर ते सगळं काचेवर उडवून जायचा. आमची गाडी जुनी. तिचा एसी चालू केला की ओल्या पायपुसण्याचा वास येतो. काच उघडली की चिखल आत. धाकट्याने ग्लुकोजचं बिस्कीट चघळून त्याचा लगदा सीटच्या शिवणीत भरून ठेवला होता. आणि थोरलीला गाडी लागते.

गाडी लागू नये म्हणून माणसं काय काय सांगतात, त्याची मला शिसारी आली आहे. आवळासुपारी द्या. लिंबू हुंगवा. पोटाला वर्तमानपत्र बांधा. सासऱ्यांचा या वर्तमानपत्रावर फार विश्वास. आम्ही तेही बांधलं होतं. राहुरीच्या अलीकडे थोरली म्हणाली, “बाबा, थांबव.” मी थांबवेपर्यंत सकाळचं दूध बाहेर आलं होतं. निम्मं पिशवीत, निम्मं वर्तमानपत्रावर. तिला उतरवताना उरलेलं माझ्या चपलेत. पाण्याची बाटली पुढे बायकोच्या पायाशी, ती धाकट्याशी डब्याच्या झाकणावरून भांडण्यात गुंतलेली. मी गवतात पाय पुसला आणि तसाच गाडीत बसलो. आंबूस वास कोल्हारपर्यंत होता, मग नाकाला सवय झाली, आणि मला वाटतं सवय होणं हे त्याहून वाईट होतं.

थोरलीचं पोट पहिल्यापासून नाजूक. ती तीन वर्षांची असताना आम्ही तिच्या मागे ताट घेऊन धावायचो, नाक दाबून भरवायचो, आणि ती सगळं बाहेर काढायची. शेवटी डॉक्टरीणबाई चिडल्या. म्हणाल्या, “तिचं पोट तिला कळतं, तुम्हाला नाही. ती पुरे म्हणाली की ताट उचला.” त्या दिवसापासून घरात नियम झाला. तिने ‘पोट भरलं’ म्हटलं की पुढे एक शब्द बोलायचा नाही. तिने या नियमाचा कधी गैरफायदा घेतला नाही. अर्धी जिलेबी ताटात टाकून उठलेलं मूल मी दुसरं पाहिलेलं नाही. आपला शब्द घरात चालतो, याचा तिला अभिमान होता. हे सगळं सांगतोय, कारण त्या रविवारी पणाला लागलं ते एवढंच होतं. माझं जावईपण नाही, मावशीचा मान नाही, तिचा तो शब्द.

कोल्हारचा पूल ओलांडला की माझी बायको मला ‘अरे’ सोडून ‘अहो’ म्हणायला लागते. म्हणजे माहेर जवळ आलं. कोपरगावला पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. गावाबाहेर कुठून तरी साखर कारखान्याच्या मळीचा वास येत होता, तो मेव्हण्याच्या दारातही होता. त्यांना तो येतच नाही.

ओसरीवर पाट मांडलेला. समोर परात. मुलांची मामी, म्हणजे मेव्हण्याची बायको, तांब्या घेऊन बसली. “दाजी, पाय ठेवा.” मी म्हणालो, “आधी मी मोरीत जाऊन येतो.” “अहो, नारायण कुठं मोरीत जातात का!” सगळे हसले. मेव्हण्याने खांद्याला धरून मला पाटावर बसवलं. मी पाय परातीत ठेवले. त्या बाईने माझ्या बोटांच्या बेचक्यांत बोटं घालून ते पाय धुतले, नव्या कोऱ्या टॉवेलने पुसले, कुंकू लावलं, आणि परातीतलं पाणी बोटांनी घेऊन स्वतःच्या डोळ्यांना लावलं. त्या पाण्यात राहुरीची उलटी होती. मला सांगता आलं असतं. मी बघत बसलो.

मग जेवण. मामीचं पुरण साखरेचं, त्यात वेलदोडा, आणि शिवाय काजूचे तुकडे आणि बेदाणे. हा तिचा स्वतःचा शोध. “साधे धोंडे काय, कोणीपण करतं,” असं ती प्रत्येक पंगतीत एकदा म्हणते. तूप वाटीने. मी दोन धोंडे खाल्ले, तिसऱ्याला हात आडवा धरला, तर तिने तूप हातावर ओतलं. तूप मनगटावरून कोपरापर्यंत गेलं आणि शर्टात शिरलं. लोक याला आग्रह म्हणतात. हेच मी शाळेत एखाद्या पोराला केलं असतं तर पालक भांडायला आले असते.

थोरली मात्र खूश होती. पोट रिकामं झालेलं, त्यामुळे भूक लागलेली, आणि बेदाणे तिला आवडतात. दीड धोंडा खाऊन ती म्हणाली, “माझं पोट भरलं.” मामीने अर्धा आणखी टाकला. “एवढ्याशानं काय होतंय बाळा.” थोरलीने माझ्याकडे बघितलं. नियमाप्रमाणे मी ताट उचलायला हवं होतं. पण मामीच्या हातात तुपाची वाटी होती, सासरे कौतुकाने बघत होते, आणि मी म्हणालो, “खा, आज एवढं खा.” तिने खाल्लं. भांडण नाही, रडणं नाही. आज बाबा विसरला असेल, एवढंच तिला वाटलं असावं.

निघता निघता साडेबारा झाले. तेहतीस अनारसे, दिवा, कापड, नारळ असं वाण मिळालं. ते बायकोने डिकीत स्टेपनीच्या मागे ठेवलं आणि वर राहुरीला उलटी पुसलेला टॉवेल टाकला, म्हणजे मावशीकडे डिकी उघडली तरी कोणी तो टॉवेल उचलणार नाही. इतका बारीक विचार तिने आमच्या संसारात दुसऱ्या कशाचाही केलेला मला आठवत नाही.

गाडी संगमनेरच्या रस्त्याला लागल्यावर ती मागे वळून मुलांना म्हणाली, “ऐका. मावशीआजीला सांगायचं नाही हं, मामाकडे जेवलो ते.”

“का?” थोरली म्हणाली.

“तिला वाईट वाटेल.”

“मग विचारलं तर काय सांगायचं?”

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी आरशात बघून म्हणालो, “काही सांगायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नसतं.” मी शिक्षक आहे. असली वाक्यं मला आयत्या वेळी सुचतात.

संगमनेर गेलं, अकोले गेलं. पुढे वळणं सुरू झाली. पोटात धोंडा, बाहेर पाऊस, काचा बंद, आत पायपुसण्याचा, तुपाचा आणि टॉवेलचा असा तिहेरी वास. धाकटा झोपला होता आणि त्याची लाळ सीटवर. थोरली खिडकीला गाल लावून पांढरी पडत चालली होती. बायको दर वळणाला म्हणायची, “आलं हं, आलं राजूर.” माझ्या घशाशी सारखं आंबट येत होतं. त्या क्षणी मला जगातल्या सगळ्या नातेवाइकांची, त्यांच्या प्रेमासकट, किळस आली होती.

राजूरला पोचलो तेव्हा चार वाजले होते. मावशी दारातच उभी. काका ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले. त्यांना साखरेचा आजार आहे, गोळी घेतली की वेळेवर खावं लागतं. “काका, जेवलात ना?” मी विचारलं.

“आसं कसं जेवू? लेक-जावय उपाशी आन् आमी जेवू व्हय?” काका म्हणाले. त्यांचे ओठ सुकले होते, हात कापत होता. “ही चारदा म्हटली, एक भाकर तुकडा खा. म्हटलं न्हाई.”

सत्तरीचा आजारी माणूस सकाळपासून उपाशी बसला होता, आणि ज्यांच्यासाठी बसला होता ते काजू-बेदाण्याचे धोंडे खाऊन आले होते. ‘काका, आम्ही जेवून आलोय’ एवढं मला तिथेच म्हणता आलं असतं. पण तोपर्यंत मावशीने परात पुढे ओढली होती.

पुन्हा पाट, पुन्हा पाय, पुन्हा कुंकू. मावशीला खाली बसवत नाही, ती एक हात जमिनीला टेकून बसली. घरात पावसाळ्याचा कुबट वास. दोरीवरचे कपडे चार दिवस वाळलेले नसावेत. पण पाटाभोवती रांगोळी होती, समया घासलेल्या होत्या, आणि देवळीत माझ्या सासूच्या फोटोला ताजा हार होता. बायको फोटोकडे बघून रडली. मावशीही रडली. मला ढेकर आला, तो मी कसाबसा गिळला.

मावशीचे धोंडे साधे. गुळाचं पुरण, जायफळ, बस. वास खरोखर चांगला होता. उपाशीपोटी गेलो असतो तर मी चार खाल्ले असते. पहिला घास घेतला आणि तो तोंडातच फिरू लागला. मावशी समोर बसून माझं तोंड बघत होती. काकांनीही आता जेवायला घेतलं होतं, आणि ते कसे खात होते ते बघवत नव्हतं. भुकेल्या माणसाला खाताना बघून माझं पोट ढवळलं, हेही लिहून टाकतो.

थोरलीने ताटाला हात लावला नव्हता.

“खा की गं बाय. भूक लागली न्हाई का?”

थोरली गप्प. सांगितलं होतं तशी.

“गाडी लागली का? दोन घास खा, बरं वाटंल.”

थोरली गप्प. मावशीने तिच्या हनुवटीला हात लावला. “काय झालं? आजीवर राग हाय का? आजीचा धोंडा आवडला न्हाई?”

आता हे फार झालं. राग नव्हता, आणि आजीला तसं वाटतंय हे तिला सहन होईना. ती म्हणाली, “राग नाही. माझं पोट भरलंय. आम्ही मामाकडे धोंडे खाल्ले. तीन वेळा वाढले.”

मावशीचा हात तिथेच राहिला. काका ताटातून वर बघायला लागले. बायकोने खाली मान घातली आणि ती वरणात बोट फिरवायला लागली. कोणीतरी बोलायला हवं होतं, आणि मी बोललो. मी हसलो. मोठ्याने हसलो.

“काहीही सांगते ती, मावशी. खोटारडी झालीय आजकाल. गाडीत झोपली होती, स्वप्न पडलं असेल धोंड्याचं.” आणि तिच्याकडे वळून, मास्तरच्या आवाजात, “खोटं बोलायचं नाही. आजीने एवढं केलंय. तोंड उघड.”

माझ्या थोरलीचे डोळे मोठे आहेत. ते तिने माझ्यावर खिळवले. ती चिडलेली नव्हती. ती मी काय म्हणतोय ते समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. तिला आठवत होतं ते खरं, की बाबा सांगतोय ते खरं, असा काहीतरी हिशोब तिच्या डोक्यात चाललेला मला दिसत होता. मला दिसत होता आणि मी हसतच होतो.

“भूक डोक्यात गेली की लेकरू आसंच बरळतं,” मावशी म्हणाली. तिला सुटल्यासारखं वाटलं असावं. जावई कशाला खोटं बोलेल? तिने धोंड्याचा घास तुपात कालवला आणि थोरलीच्या तोंडाशी धरला. थोरलीने माझ्याकडे बघत बघत तोंड उघडलं. एक घास. दुसरा. तिसरा. ती चावत नव्हती, गिळत होती. चौथ्या घासाला तिच्या कपाळावर घाम आला. मी बघितला. मी म्हणालो, “शाब्बास.”

पाचव्या घासाला ती ओकली.

ती उठली नाही, वळली नाही, कोणाला हाक मारली नाही. बसल्या जागी ओकली. ताटात, रांगोळीत, मावशीच्या लुगड्यावर, आणि माझ्यासाठी बाजूला मांडलेल्या अनारशांच्या ताटात. खूप होतं. एवढ्याशा पोटात एवढं कसं मावलं होतं, देव जाणे. आंबट, गोड, तुपाचा थर वर. धाकटा “शी, शी” करून टाळ्या वाजवायला लागला. काकांनी आपलं ताट उचलून बाजूला घेतलं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, न चावलेले, फुगलेले, अगदी ओळखू येतील असे पडले होते बेदाणे. सहा-सात. मोजायची गरज नव्हती, पण मी मोजले.

मावशीने ते बघितले. जन्मभर गुळाचं पुरण केलेली बाई. तिच्या घरात बेदाणा नव्हताच. बायको “मी काढते, मी काढते” म्हणून उठली, तिला मावशीने हाताने खाली बसवलं. मग तिने राख आणली, फडकं आणलं, बादली आणली, आणि एक हात जमिनीला टेकून ती सगळं निपटू लागली. ओंजळीने. तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही. मी पाटावर बसून होतो. पाय कुंकवाचे होते, खाली ठेवायला कोरडी जागा नव्हती.

सगळं झाल्यावर ती बायकोला एवढंच म्हणाली, “फोनवर सांगायचंस ना गं. मी सांजच्याला वाढलं असतं. काय बिघडत हुतं?”

खरंच, काय बिघडत होतं? संध्याकाळी जेवलो असतो, काका वेळेवर जेवले असते, पोरगी झोपली असती. एवढं सोपं होतं. ज्या मनाला आम्ही जपत होतो त्या मनाला कोणी विचारलंच नव्हतं.

मग मावशीने थोरलीला मोरीवर नेलं. मी दारात उभा होतो, मला ऐकू आलं. ती तिचं तोंड धूत म्हणाली, “तू खरं बोलत हुती बाय. आजीनं ऐकलं न्हाई. आजी चुकली.”

चूक आजीची नव्हती. पण माफी तिने मागितली. मी नाही मागितली. मी दारातून बाजूला झालो, ओट्यावर जाऊन उभा राहिलो आणि पाऊस किती वाढलाय याबद्दल काकांशी बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मावशीने नवे अनारसे ताटात मांडून मला वाण दिलं, दिवा लावला, आणि वाकून मला नमस्कार केला. तेही मी घेतलं. नारायणाने कोणाला नमस्कार परत करायचा नसतो म्हणतात. सोयीचं आहे.

परतीच्या वाटेवर थोरली ओकली नाही. अकोल्याच्या पुढे मी आरशात बघून म्हणालो, “काल गंमतच झाली ना?” मला माफीच मागायची होती, पण तोंडातून हे बाहेर पडलं. ती म्हणाली, “हो.” बायको खिडकीबाहेर बघत होती. मी रेडिओ लावला. मला स्वतःची जेवढी घाण वाटली तेवढी त्या सगळ्या प्रवासात कशाचीच वाटली नव्हती, उलटीचीही नाही. उलटी निदान खरी होती.

घरी आल्यावर सगळं पूर्वीसारखं झालं असं मला वाटलं. ती जेवायची, शाळेत जायची, भावाशी भांडायची. ‘पोट भरलं’ हे मात्र ऐकू यायचं बंद झालं होतं. ताटात जेवढं वाढू तेवढं ती संपवायची. बायको म्हणाली, “बघ, सुधारली.” मीही खूश झालो. माझ्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारत नाही, कारण उत्तर माहीत आहे.

पंधरा-वीस दिवसांनी आम्ही घोडेगावला माझ्या बहिणीकडे गेलो. धोंडे नाही, मान नाही, पाय धुणं नाही. नगरहून तासाभराचा सरळ रस्ता. बहीण चुलीपुढे भाकरी थापत होती, पिठलं शिजत होतं, मुलं समोर येऊन बसली. बहिणीला कोणाचं मन राखायचं नसतं, ती जे आहे ते विचारते. तव्यावरची भाकरी उलटत तिने थोरलीला विचारलं, “काय गं, भूक लागली का? वाढू?”

थोरलीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती उठली, माझ्याजवळ आली, माझ्या शर्टाची बाही धरली आणि हळूच विचारलं,

“बाबा, मला भूक लागलीय का?”

बहिणीला ते ऐकू गेलं आणि ती हसली. थोरली हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत उभी राहिली.